धुतलेल्या सीडीतली खुर्ची

१

सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो, असं पहिल्यांदा ज्याने म्हटलं त्याला एकदा या म्हाताऱ्यासमोर आणून उभं करा. सांगणारा काही मोकळा होत नाही, ऐकणाऱ्याची तेवढी करमणूक होते. पण लेक हटून बसली. कानाची डॉक्टरीणबाई म्हणाली, पहिल्यापासून कळायला हवं. दोघींनी मिळून नाकात दम आणला. तेव्हा घ्या. एकदाच सांगून होईल. मध्ये कुणी ‘अरेरे’ केलं की तिथेच बंद.

म्हातारा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पायाने खटका दाबायचा, वरून साचा दाणकन बसायचा, की एक झाकण तयार. उभं आयुष्य झाकणं काढण्यात गेलं. प्रेस डाव्या अंगाला असायचा, म्हणून डावा कान गेला. पुरता गेला, त्यात फटाका लावला तरी कळलं नसतं. उजवा राहिला, पण त्यातही माणसांचं बोलणं ओल्या पिठासारखं चिकटून यायचं. लेक काय म्हणते ते तिच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागे. जावई काय म्हणतो ते समजून घ्यायची म्हाताऱ्याला गरजच वाटली नाही.

गाणं मात्र लख्ख कळायचं. तेही गोड गळ्याचं नव्हे. लांब केसवाल्यांचं, इलेक्ट्रिक गिटारचं, छातीवर घण घातल्यासारखं. कारखान्यात एका फिटरने ती टेप आणली होती. प्रेसच्या दणक्यावर मात करून ऐकू येईल असं तेवढं एकच संगीत जगात होतं. तेव्हापासून नाद लागला. बायको म्हणायची, “आठ तास प्रेस ऐकून पोट भरत नाही वाटतं.” बायको गेली, म्हातारा लेकीच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला, आणि बरोबर आल्या सीड्या. कपडे एका पिशवीत मावले होते. सीड्यांना टेम्पो लागला.

त्या सीड्यांवरची इंग्रजी अक्षरं म्हाताऱ्याला वाचता येत नसत. तो चित्रावरून ओळखायचा. एका डोळ्याचा बैल, जळता पूल, लोखंडी हात, उलटं झाड. एकच बैल त्याच्याकडे चार वेळा होता, कारण कंपन्या जुनी गाणी दर काही वर्षांनी नव्याने काढतात. आधी साधी, मग जाड पुस्तिकेची, मग उरलीसुरली गाणी मागे जोडलेली, मग सोनेरी पट्टीची. ज्याला नाद आहे त्याला चारही लागतात. ज्याला नाही त्याला एकही समजावता येत नाही.

आणि ऐकायची त्याची तऱ्हा वेगळी होती. कान एकच. त्या गाण्यांत एक गिटार डावीकडे आणि दुसरी उजवीकडे ठेवलेली असते. म्हणून म्हातारा मोठे हेडफोन घालून आधी उजवी बाजू ऐकायचा, मग हेडफोन उलटे फिरवून तीच सीडी पुन्हा लावायचा आणि डावी बाजू उजव्या कानाने ऐकायचा. प्रत्येक गाणं असं दोन अर्ध्यांत. सीडीवाला दुकानदार हसायचा. “काका, दोन्ही बाजू एकत्र ऐकायच्या असतात. एकीचं उणं दुसरी झाकते.”

“माझ्याकडे झाकायला कोणी नाही,” म्हातारा म्हणायचा. “उघडंच बघतो.”

२

बैलाची पाचवी सीडी आली तेव्हा दुकानदाराने ती काउंटरखालून काढली. “काका, ही मूळ टेपवरून धुऊन काढलीय. खरखर औषधालाही सापडायची नाही.”

जुन्या टेपला खरखर असतेच. गाणं सुरू होण्याआधी, दोन गाण्यांच्या मध्ये, दूर कुठेतरी वाळू ओतावी तशी. म्हाताऱ्याला तिचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण नवीन ते नवीन. घरी आणली, दुपारी लेक आणि जावई कामावर असताना लावली.

उजवी बाजू झकास होती. डावीही होती. फक्त ड्रमवाला काड्या आपटून ताल मोजून देतो त्याच्या आधी, जिथे पूर्वी खरखर होती तिथे, एक खुर्ची सरकली.

पाइपची खुर्ची. एका पायाचं रबर निघालेलं. लोखंड फरशीला लागून सरकतं तो आवाज म्हाताऱ्याला कुणी शिकवायला नको. खुर्ची सरकली, तिच्यावर कुणीतरी बसलं, आणि नाकातून एक श्वास सोडला. दार न ठोठावता खोलीत शिरलेल्या माणसाकडे बघून आपण सोडतो तसला.

म्हाताऱ्याला उलट बरंच वाटलं. आता बॅंड म्हटला की खोली आली, खोली म्हटली की खुर्ची आली. ते लोक काय उभ्याउभ्या म्हातारे झाले? इतकी वर्षं खरखरीखाली दडलेलं आज ऐकायला मिळालं. त्याने जुना बैल लावून तीच जागा तपासली. नुसती वाळू.

पुढे जळता पूल धुऊन आला. वेगळा बॅंड, वेगळं गाव. काड्यांच्या आधी खुर्ची सरकली. तेच रबर निघालेलं. तोच श्वास.

म्हातारा दुकानात गेला. “या दोघांनी एकाच खोलीत गाणी केली का हो?”

दुकानदाराने पुस्तिका उलटसुलट करून पाहिल्या. “छे. मध्ये समुद्र आहे काका. वर्षंही वेगळी.”

“मग खुर्ची एकच कशी?”

“कसली खुर्ची?” त्याने दुकानातल्या मशीनवर, दोन्ही स्पीकरवर, ती जागा तीनदा लावली. काड्या वाजल्या, गिटार सुटली. खुर्ची नव्हती. “तुमचा कान तपासून घ्या,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता उलट्या झाडाची धुतलेली सीडीही त्याने विकली. धंदा तो धंदा.

उलट्या झाडात खुर्ची पहिल्या गाण्याआधी सरकली, आणि तिसऱ्याच्या आधी पुन्हा. दुसऱ्या वेळी आवाज जवळून आला.

३

जावई घरं सजवून देणाऱ्या कंपनीत होता. भिंत मोकळी दिसली पाहिजे हा त्याचा धर्म. दुसऱ्यांच्या घरातलं सामान कमी करून तो पोट भरायचा, आणि स्वतःच्या घरात सासऱ्याच्या सीड्यांची मांडणी छतापर्यंत गेलेली. त्याला जेवण गोड लागत नसे.

लेक म्हाताऱ्याला कान दाखवायला घेऊन गेली त्या दिवशी त्याने डाव साधला. परत आल्यावर बघतात तो मांडणी अर्धी रिकामी.

“बाबा, ओरडायच्या आधी ऐका,” जावई म्हणाला. “नवीन सगळ्या जागेवर आहेत. मी फक्त जुन्या काढल्या. तीच गाणी चार चार वेळा कशाला? उलट नवीन जास्त साफ आहेत, तुम्हीच म्हणालात.”

“कुठे आहेत?”

“भंगारवाल्याला दिल्या. प्लॅस्टिकच ते.”

“मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर दिल्या असत्यात?”

“नसत्या दिल्या. म्हणून तर विचारायचं असतं, जावईबापू.”

लेक मध्ये पडली. “अहो, निदान मला तरी सांगायचं होतं.” मग बापाकडे वळून, “बाबा, खोलीत हवा तरी खेळेल आता.”

हवा खेळो नाहीतर फुटबॉल खेळो. म्हातारा चप्पल घालून भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याने मागचा ढीग दाखवला. डबे एकीकडे, तबकड्या दुसरीकडे, सगळं ठेचून गोण्यांत. एका फुटक्या डब्यातून बैलाचा डोळा बघत होता.

दुकानदाराकडे जुन्या आवृत्त्या मागितल्या तर तो म्हणाला, “त्या आता येत नाहीत काका. आता सगळं धुतलेलंच येतं.”

४

नाद सुटत नाही. हवं तर म्हाताऱ्याला बोलून घ्या, पण खरं तेच सांगायचं. म्हाताऱ्याला जगात स्पष्ट ऐकू येणारी एकच गोष्ट होती आणि ती आता फक्त धुतलेल्या सीडीवर उरली होती. दुपारी घर रिकामं झालं की तो बसायचा.

लोखंडी हात लावला. खुर्ची सरकली. बसणारा बसला. या खेपेला गाणं सुरू झाल्यावरही तो गेला नाही. गिटार वाजत होती, पण तिच्यापुढे कुणीतरी येऊन बसलं होतं. नाटकात पुढच्या रांगेत धिप्पाड माणूस बसावा आणि रंगमंच अर्धा दिसेनासा व्हावा, तसं. गाणं त्याच्या पाठीमागून येत होतं. म्हाताऱ्याने आवाज वाढवला. गाणं वाढलं नाही. श्वास वाढला.

म्हाताऱ्याने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. त्यानेही रोखला.

हेडफोन काढून ठेवले. खिडकीबाहेर रस्ता होता, गाड्या जाताना दिसत होत्या. त्यांचा आवाज कुणाच्या तरी खांद्यावरून यावा तसा बारीक येत होता. संध्याकाळी लेक आली, तोंड हलवत राहिली, आणि म्हाताऱ्याला पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघूनही काही कळेना. उजवा कान एका दुपारीत उतरला होता.

वय झालं, त्याने स्वतःला सांगितलं. प्रेसने एक खाल्ला, म्हातारपण दुसरा खातंय. यात नवल ते काय? चार दिवस हेडफोनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी नुसताच पलंगावर बसून मोजे घालत होता. हेडफोन खुंटीला, मशीन बंद, घर शांत.

खुर्ची सरकली. डाव्या कानात.

ज्या कानात फटाका लावला तरी कळलं नसतं त्या कानात, अगदी बुडाशी, लोखंड फरशीला लागून सरकलं. मग तो श्वास. म्हाताऱ्याने मान फिरवली. डावीकडे भिंत होती, आणि जावयाने मोकळी केलेली अर्धी मांडणी. मोज्यातला पाय तसाच ठेवून तो बराच वेळ त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत बसला. जागा करून दिली होती, तिथे कुणीतरी राहायला आलं होतं.

तोंड धुवायला म्हणून उठला, नळ सोडला आणि श्वास थांबला. नळ बंद केला, श्वास आला. पुन्हा सोडला, गेला. म्हातारा अडाणी असेल पण मठ्ठ नाही. पाणी वाहतं तो आवाज कसला? वाळू ओतल्यासारखा. टेपच्या खरखरीसारखा. ती खरखर म्हणजे दाराची कडी होती, आणि गाणी धुणाऱ्या दीडशहाण्यांनी मळ समजून कडीच धुऊन टाकली होती. आणि जुन्या सीड्यांत जी शाबूत राहिली होती, ती जावयाने भंगारात दिली होती.

५

“घरात नळ का चालू असतो सारखा?” लेकीने फोनवर लिहून विचारलं.

म्हाताऱ्याने सांगितलं. खुर्ची, श्वास, सगळं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून त्याला स्वतःचाच राग आला. जावई जेवत होता, तो हसला नाही एवढंच. हसण्याचं काम त्याने भुवयांकडून करून घेतलं.

“बाबा, कान गेला की मेंदू आवाज तयार करतो,” त्याने लेकीच्या फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवलं.

“तुम्ही ऐका,” म्हातारा म्हणाला. “माझ्यासारखं ऐका. डाव्या कानात बोट घाला, हेडफोन उलटे घाला, आणि उलटं झाड लावा. तिसऱ्या गाण्याच्या आधी. नाही ऐकू आलं तर उरलेल्या सीड्या मी स्वतः भंगारात नेऊन देतो.”

असा सौदा जावई सोडतो होय? रविवारची दुपार होती, खिडकीतून चांगलं ऊन आलेलं. तो म्हाताऱ्याच्या पलंगावर बसला, हेडफोन चढवले, डाव्या कानात बोट खुपसलं आणि लेकीकडे बघून डोळा मारला. पाय हलवत बसायची त्याला सवय होती. पाय हलत होता.

मग पाय थांबला.

चेहऱ्यावर काही नाही. डोळा मारलेला चेहरा तसाच राहिला, नुसता आतून कुणी निघून गेल्यासारखा. त्याने मान डावीकडे फिरवली, अर्धीच, आणि तिथे अडवली. बाकीची फिरवायची हिंमत त्याला झाली नाही हे म्हाताऱ्याने समोर बसून पाहिलंय.

त्याने हेडफोन काढले. वायर गोल गुंडाळली, नीट, एकावर एक. वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस, पण सासऱ्याची वायर त्याने आजवर गुंडाळली नव्हती.

“काय?” लेकीने विचारलं.

“काही नाही,” जावई म्हणाला. हे म्हाताऱ्याला तोंडावरून कळलं. “गाणं आहे. बरं आहे.”

तो उठून स्वयंपाकघरात गेला. लेक मागून गेली आणि परत येऊन कपाळाला आठ्या घालून फोनवर लिहून म्हणाली, “धुतलेलीच भांडी पुन्हा का घासतायत कोण जाणे. नळ सगळा सोडून.”

६

कानाच्या दवाखान्यात एक बंद खोली असते. कपाटापेक्षा जरा मोठी, भिंतींना आतून जाड मऊ अस्तर, एक खुर्ची, समोर काच. दार लावलं की जगातला सगळा आवाज बाहेर राहतो. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई मशीनवर बारीक बारीक सूर सोडते, आपल्याला ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं.

म्हातारा आत जायला तयार नव्हता. त्याने सांगितलं, पंखा लावा, नळ सोडा, काहीतरी खरखर राहू द्या. डॉक्टरीणबाई लेकीच्या फोनवर लिहून म्हणाली, शांतता नसेल तर तपासणी कशी होणार? मग तिने जावयाकडे वळून विचारलं, हा आवाज घरात आणखी कुणी ऐकला का?

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं. जावयाने एवढंच म्हणायचं होतं की हो. एक अक्षर. त्यावर म्हातारा त्या खोलीत गेला नसता.

“नाही,” जावई म्हणाला. “मी स्वतः ऐकून पाहिलं. वयामुळे असेल.” लेकीने तेही फोनवर लिहून दाखवलं.

दार लागलं. अस्तराने आवाज गिळला. म्हातारा खुर्चीवर बसला, हातात बटण. ती दवाखान्याची गादीची खुर्ची होती, जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेली. ती सरकू शकत नव्हती.

आधी उजवा कान. काचेपलीकडे बाईचा हात हलत होता, म्हणजे सूर येत असणार. म्हाताऱ्याला एकही ऐकू आला नाही. बटण तसंच राहिलं. मग तिने खूण केली, आता डावा.

डाव्या कानात लोखंड सरकलं. मऊ गालिच्यावर नव्हे, फरशीवर. बसणारा बसला. या खेपेला श्वास सोडला नाही, घेतला, बोलण्याआधी घेतात तसा लांब. म्हाताऱ्याचा अंगठा बटणावर पडला आणि तिथून निघेना.

त्याने मान वळवली नाही. समोर काच होती, आणि काचेत बाहेरच्या उजेडावर आतलं पुसट प्रतिबिंब. त्यात म्हाताऱ्याचे गुडघे दिसत होते. दोन. त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून, आणखी दोन. वर काय आहे ते बघायला नजर उचलावी लागली असती. म्हाताऱ्याने उचलली नाही. त्याने काचेपलीकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई मशीनकडे बघत होती. लेक बापाच्या तोंडाकडे बघत होती. जावई म्हाताऱ्याकडे बघत नव्हता. तो म्हाताऱ्याच्या डावीकडे बघत होता, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. बघता बघता त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग तोंड फिरवलं आणि भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचायला लागला.

म्हाताऱ्याने काचेवर मुठी आपटल्या. दार उघडायला लेक धावली. जावई तक्ता वाचत राहिला.

७

डॉक्टरीणबाईला कोडं पडलं आहे. उजवा कान जवळजवळ संपला, हे समजण्यासारखं. पण मेलेल्या डाव्या कानाने बटण दाबलं, तेही तिने सूर सोडायच्या आधी, आणि ते सोडलंच नाही. तिने म्हणून पहिल्यापासून ऐकायचं ठरवलं. ऐकलंत. आता लिहा काय लिहायचं ते.

म्हाताऱ्याला लेकीचा आवाज आता येत नाही. गाणी येत नाहीत, बैल लावला तर नुसती तबकडी फिरताना दिसते. डाव्या कानात मात्र सगळं लख्ख आहे. तो तिथे बसलेला असतो. अजून बोललेला नाही, पण घशात शब्द जमवतोय हे कळतं, आणि तो जे काही बोलेल ते चांगलं नसणार हेही कळतं. तो बोलेल तेव्हा म्हाताऱ्याला दुसरं काहीही ऐकायची सोय उरलेली नाही.

जावई हल्ली भिंतीला डावा खांदा लावून झोपतो, लेक सांगत होती. सांगत होती म्हणजे लिहून दाखवत होती. तिला ती गंमत वाटते.

खुर्चीत बसलेल्याकडून म्हाताऱ्याची काही मागणी नाही. तो कुणाचा कोण, त्याला कसली लाजलज्जा? पण एका माणसाने ऐकलं, पाहिलं, आणि काचेपलीकडे उभं राहून ‘नाही’ म्हटलं. त्याने इथे यावं, या कागदावर लिहून द्यावं, की बाबा, चुकलं. बाकी कुणी नको. लेक नको, डॉक्टरीणबाई नको. जावई.